मध्यम आकाराचा सूर्य

३ मार्च, मंगळवार

आज घरात भांडण. कारण — सूर्य!

हे जाऊन दीड महिना झाला. ह्यांच्या सलूनबाहेर, गिऱ्हाइकं थांबायची तिथे, ह्यांच्या आठवणीत दगडी बाक बसवायचं ठरलंय. बाक तयार आहे, त्यावरची ओळ ठरत नाही. सासूबाईंचा हट्ट — नावाखाली "ताऱ्यांमधला सूर्य" असंच हवं. धाकटे भावजी शाळेत विज्ञान शिकवतात. जेवताना म्हणाले, "आई, सूर्य मध्यम आकाराचा तारा आहे. मामुली."

"मामुली? माझा मुलगा मामुली?"

"दादा नाही गं, सूर्य!"

"एकच ते!"

मी वाढत राहिले.

४ मार्च

भावजींनी टेबलावर एक वाटाणा ठेवला. "हा सूर्य समज. मग ज्येष्ठा नावाचा तारा या खोलीतसुद्धा मावणार नाही."

सासूबाई तडक आत गेल्या आणि भोपळा आणून वाटाण्यावर आदळला. "हा सूर्य! आता बोल!"

"दादाला सूर्य म्हणायचं ते टकलामुळे का?"

मी घाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. खरंच की — जन्मभर दुसऱ्यांचे केस कापले, आणि स्वतःचं डोकं असं की उन्हात छतावर कवडसा पडायचा!

५ मार्च

भोपळ्याची भाजी. मायलेकांत अबोला, निरोप्या मी.

"त्याला सांग, मीठ सरकव."

"वहिनी, विचारा, सूर्याला मीठ लागतं का?"

६ मार्च

दगड कोरणाऱ्याचा फोन. "ताई, रविवारी दुपारी कोरायला घेतो. काय लिहू? का कोराच देऊ?" म्हटलं, कळवते.

मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? हे दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमलेले, आणि मी मुळातच अबोल. घरी आम्ही दोघं नुसते बसायचो. बरं वाटायचं.

दुपारी भावजींचं पुस्तक चाळलं. दहातले नऊ तारे सूर्याहून लहान आणि मिणमिणते! हे बरं सांगितलं नाही. लबाड!

७ मार्च

जेवताना सांगून टाकलं. एवढं लांब वाक्य मी या टेबलावर कधी बोलले नसेन. सासूबाईंनी चमच्याने ताट वाजवलं — "दहात पहिला!"

"वहिनी, तुम्ही घरभेदी निघालात," भावजी म्हणाले. पण खोटं आहे असं काही म्हणाले नाहीत. हरले.

कोरणाऱ्याला कळवलं — सूर्यच.

८ मार्च, रविवार

सकाळी सासूबाई खिडकीशी, डोळ्यांवर हात धरून. "त्याला फोन कर. सूर्य नको. नुसतं नाव."

मला काही कळेना. इतकं भांडून?

"सूर्याकडे डोळे भरून बघता येत नाही गं. हा झोपला की मी बघत बसायचे."

"मीसुद्धा," म्हटलं.