शाळेचे दूध, चारशे पेले आणि माझा एक हुकूम

मी, नूतन प्रेमानंद मेत्री, वय ६६, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार नवनगर, हुबळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. चिरंजीव सिद्धांत याचा विरोध मात्र आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर सिद्धांत यास. नात आरुषी बारावी होईपर्यंत ते विकू नये.

२. माझे दागिने आरुषीस. मोडायचे असल्यास शिक्षणासाठी मोडावेत, लग्नासाठी नव्हे.

३. बँकेतील ठेव मी ज्या शाळेत शिकवले त्या शाळेस, काही अटींवर. अटी कळाव्यात म्हणून हकीकत लिहिणे भाग आहे.

आमच्या मुलांना दूध स्टीलच्या पेल्यातून मिळे. ते तापवणे, वाटणे, पेले धुणे हे दुर्गव्वा भरमा सनदी हिचे काम. २०१४ साली संस्थेचे चिटणीस वादिराज यांनी पेले बंद करून दुधाचे छोटे खोके आणले. कागदच आहे, कुजून जातो, असे ते सभेत म्हणाले. मी आठवीच्या वर्गाला एक खोका पाण्यात भिजत घालायला लावला. आठवड्याने कागद सुटला. आतले प्लास्टिक आणि चंदेरी वर्ख जसेच्या तसे. भंगारवाला महादेव म्हणाला, हे रद्दीतही चालत नाही आणि प्लास्टिकमध्येही नाही. रोज चारशे खोके मैदानामागे जळत. दुधाच्या साध्या पिशवीला प्लास्टिक कमी लागते आणि धुतलेली पिशवी महादेव घेतो, पण कापलेले कोपरे गटारात जातात. काचेच्या बाटल्या मुलांच्या हाती देण्याची हिंमत मला झाली नाही. दोन वर्षे भांडून मी पेले परत आणले.

पेल्यांना पाणी लागते, याचा विचार मी केला नव्हता. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे. २०१७ च्या मार्चमध्ये टाकी तळाला गेली. दुर्गव्वा येऊन म्हणाली की एका टपात चारशे पेले खंगाळून स्वच्छ होत नाहीत, चार दिवस खोकेच आणा. खोके आले तर वादिराज जिंकले, एवढेच माझ्या डोक्यात होते. मी म्हणाले, "एकाच टपात धू. जबाबदारी माझी."

तिसऱ्या दिवशी एकवीस मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. सगळी बरी झाली, पण दोघींना सलाईन लावावे लागले. एकीच्या उशाशी मी बसले होते, तर तिची आई माझेच आभार मानत होती. चौकशी समितीने दुर्गव्वाला उभे केले. तिने माझ्याकडे पाहिले. मी टेबलाकडे पाहिले. "अस्वच्छतेमुळे कामावरून कमी" असे पत्र हातात देऊन तिला काढले. खोके परत आले. पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापिका झाले.

म्हणून अटी अशा. ठेवीतून आधी छपरावरच्या पावसाच्या पाण्यासाठी मोठी टाकी बांधावी आणि पेले उकळण्याची सोय करावी. ते झाल्यावरच पेले आणावेत, आधी नाही. टाकी आटली तर निमूटपणे पिशवीचे दूध द्यावे; कोपरा पिशवीपासून तोडू नये, पिशव्या धुऊन भंगारात द्याव्यात. उद्या गावात रिकामे खोके घेऊन त्यांचे पुन्हा काही बनवणारा कोणी आला, तर त्यांचाही विचार करावा. पाणी पुरेसे आहे की नाही हे पेले धुणारी बाई ठरवील, आणि तिच्या शब्दावर मुख्याध्यापकाचा शब्द चालणार नाही. अमान्य असल्यास ठेव सिद्धांत यास.

४. भिजलेल्या खोक्याचे तिन्ही थर मी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले आहेत, ते श्री. वादिराज यांस. कागदाबाबत ते चुकले होते, हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

५. धारवाडजवळचा प्लॉट दुर्गव्वाला द्यायचे ठरवून मी गेल्या महिन्यात तिच्या घरी गेले. ती आता विद्यानगरात घरकामे करते. तिने सगळे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "जागा नको, अक्कोरे. त्या पत्रात लिहिलंय ते खोटं आहे, एवढं लिहून द्या. माझ्या सुनेनं वाचलंय ते."

सिद्धांत म्हणाला, आता कशाला, तुझे नाव जाईल. मी म्हटले, ते तिच्या नावाच्या जिवावर टिकले होते, जाऊ दे. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत लेखी जबाब दिला. वादिराज अजूनही चिटणीस आहेत; ते म्हणाले, प्रकरण जुने आहे. मी कार्यालयातल्या बाकावर बसून राहिले, रोज, शाळा सुटेपर्यंत. चौथ्या दिवशी शेरा रद्द केल्याचे पत्र सही-शिक्क्यासह मिळाले. ते मी स्वतः नेऊन दिले. दुर्गव्वाने सुनेकडून ते मोठ्याने वाचून घेतले, दोनदा. मला चहा दिला. माफ केले असे ती म्हणाली नाही. मीही विचारले नाही.

प्लॉट आता आरुषीस.

६. हे सर्व अमलात आणण्याचे काम सिद्धांतचे. तो विरोध करतो, पण सांगितलेले काम टाळत नाही.

ज्याला काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नका, असे वकिलांनी सांगितले. दुर्गव्वाने काहीच घेतलेले नाही, तेव्हा तिला विचारले. ती घरी मराठी बोलते पण शिकली कन्नड शाळेत, म्हणून हे सारे तिला वाचून दाखवले. ती एकदाच बोलली. तिच्या सांगण्यावरून तिसऱ्या कलमात पुढील अट वाढवीत आहे: पेले धुणारीला बसून धुता येईल असा कट्टा आधी बांधावा; ती सोळा वर्षे वाकून धूत होती.

स्थळ: नवनगर, हुबळी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

(सही) नूतन प्रेमानंद मेत्री

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. दुर्गव्वा भरमा सनदी (सही कन्नडमध्ये)
२. श्रीहरी कुलकर्णी, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी