दक्षिण ध्रुवाची वर्गणी

यवतमाळ, मे महिना
(तारीख बघून टाकली असती, पण कॅलेंडर कूलरच्या हवेने उडून कपाटामागे गेलं आहे.)

आमच्या प्राचीचे सासरे आणि आमचे सन्माननीय व्याही विठ्ठलराव यांस अनंतचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढं वाकून). तुमचा गुडघा कसा आहे? आर्णीत ऊन काय म्हणतं? इकडे दुपारी बाराला बाहेर पडलेला माणूस घरी परत येतो तेव्हा बायको आधी ओळखपत्र मागते. बेबीताई आमच्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्यापासून तुम्ही आणि तुमचा धाकटा अंकुर दोघंच स्वयंपाक करता असं कळलं. वरणात मीठ दोघांनीही टाकलं, हेही कळलं. असं होतं. विहीणबाईंची काळजी करू नका. डोळा छान आहे, पद्मजा वेळच्या वेळी थेंब टाकते, आणि त्यांचा मुक्काम आम्हाला कसलाही जड नाही.

आता मुद्द्यावर येतो. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "इवाईबुवा, तुमी एकडाव तो विदेशातला खेळ मागोला व्हता म्हणे. आमचा अंकुर बी तसल्याच खेळात पैसे टाकतो म्हणून राह्यला. टाकू देऊ का नाई, ते मले लेखी कळवा. पोट्टं तोंडी आयकत नाई." म्हणून हे लेखी मत. मी नोकरीत असताना पुष्कळ लेखी मतं दिली, पण त्यांतलं एकही मी स्वतःच्या अनुभवावरून दिलं नव्हतं. हे पहिलंच.

या खेळांची रीत अशी असते. कोणाच्या तरी डोक्यात टेबलावर खेळायचा एखादा खेळ येतो. तो छापायला त्याच्याकडे पैसे नसतात. मग तो इंटरनेटवर वर्गणी मागतो. आपण गणपतीला देतो तशीच, फक्त इथे मूर्ती नंतर घरपोच मिळते. आधी देणाऱ्याला स्वस्तात, दुकानात मिळणार नाहीत अशा जादा वस्तूंसकट. वर्गणी जितकी वाढेल तितक्या जादा वस्तू वाढतात, भाजीवाली वरून मूठभर कोथिंबीर टाकते तशा. काही वर्षांमागे माझा पियूष दिवाळीला नागपूरहून आला तेव्हा त्याने मला अशा एका खेळाचं पान दाखवलं. दक्षिण ध्रुवावर जायचं, बर्फातून वाट काढायची, आपला झेंडा आधी रोवायचा. बनवणारा एक दाढीवाला माणूस, त्याच्या मांडीवर कुत्रा, मागे खिडकीत बर्फ पडतोय. मी त्या वेळी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझ्यावर एकच जबाबदारी होती, ती म्हणजे पाण्याची मोटार वेळेवर बंद करणे. पियूष म्हणाला, "बाबा, नुसतं बघा." मी बघितलं आणि पैसे भरले. शेवटी मोहात पाडलं ते पेंग्विनांनी. वर्गणी अमुक आकड्यापलीकडे गेली तर चाळीस पेंग्विन फुकट देणार होते. चाळीस पेंग्विनांचं मी काय करणार होतो हे पद्मजाने तेव्हाही विचारलं आणि अजूनही विचारते.

खेळ वर्षभरात येणार होता. तो आला नाही. त्याऐवजी दर महिन्याला दाढीवाल्याचं पत्र येऊ लागलं. कारखान्यात साचा बिघडला, कागद मिळेना, जहाज बंदरात अडकलं. बाकीचे वर्गणीदार त्याच्यावर खवळले, खाली वाटेल ते लिहू लागले. मला मात्र फार बरं वाटलं. विठ्ठलराव, मी सगळी नोकरी सरकारी बांधकामाच्या कचेरीत काढली. उशिराची कारणं हा माझा विषय आहे. त्याची कारणं मला कच्ची वाटली. मी पियूषकडून इंग्रजीत त्याला कळवलं की एका वेळी एकच कारण द्यावं, दोन दिली की एक खोटं वाटतं, आणि हवामानावर कोणी अपील करत नाही. पुढच्या महिन्यात त्याने फक्त वादळाचं कारण दिलं. खाली एकही तक्रार नव्हती. त्या दिवशी मी पद्मजाला बाहेरून कचोरी आणून खाऊ घातली. मधेच त्याचा कुत्रा आजारी पडला, तेव्हा पद्मजाने मला हळद-दुधाचं प्रमाण कळवायला लावलं. कुत्रा बरा झाला. खेळ आला नाही.

मग मागणी आली ती वाहतुकीची. आधीच्या पैशांत ती धरलेलीच नव्हती. ती भरली, तर वर कस्टमचे निघाले. आणि हे सगळं भरून झाल्यावर पेटी यवतमाळला न येता केळापूर तालुक्यात पांढरकवड्याला गेली. तिथल्या कुरिअरवाल्याचा, खेमसिंगचा, फोन आला. तो म्हणाला, "साहेब, पेटी लय वजनी हाय. मी आणून देत नाई, तुमीच या." मी एसटीने गेलो. परतीच्या गाडीत पेटी खिडकीजवळच्या सीटवर बसली आणि मी उभा राहिलो. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे? मी खरं ते सांगितलं, बर्फ. त्याने पेटीला तळहात लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं अर्धं तिकीट फाडलं.

घरी येऊन पेटी उघडली. जहाजं होती, तंबू होते, गोठलेले समुद्र होते, आणि पेंग्विन मोजून चाळीस होते. शिधा म्हणून द्यायच्या गोल चकत्या मात्र नव्हत्या. आणि नियमांचं जाडजूड पुस्तक होतं, ते सगळं जर्मन भाषेत. मी ते पालथं घातलं, उलटं धरलं, शेवटी पद्मजाने चित्रं बघून अंदाज बांधायला घेतला. नेमक्या त्याच आठवड्यात तुमच्या घरून बेबीताई मोतीबिंदू काढायला आल्या.

डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की शेगडीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, उन्हात निघायचं नाही. पहिले दोन दिवस त्या पलंगावर बसून पद्मजाला विचारत होत्या, निवडायला काही आहे का, तुरीची डाळ द्या, गहू द्या. पद्मजा म्हणाली, बसून राहा. बेबीताईंनी काळ्या चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लगन झाल्यापासून मले 'बसून राह्य' असं कोनी म्हटलं नोतं." हे त्या तक्रार म्हणून म्हणाल्या नाहीत. नुसतं नवल वाटल्यासारखं म्हणाल्या. पण पद्मजा तेव्हाच उठली, पेटी घेऊन आली आणि टेबलावर दक्षिण ध्रुव मांडला.

चौथ्या गड्याची गरज होती, म्हणून शेजारच्या विमलताईंना बोलावलं. बाहेर पारा सेहेचाळीसच्या वर, दारं-खिडक्या बंद, कूलर पूर्ण वेगावर, आणि आम्ही चौघं ऊब वाचवत बर्फात निघालो. या खेळात प्रत्येकाला ऊब जपून खर्च करावी लागते. विमलताईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ऊब संपली की त्या म्हणायच्या, बरं झालं. कूलरने वादळाची पानं उडायची आणि खरोखरच वादळ व्हायचं, मग त्यांच्यावर सुपाऱ्या ठेवल्या. शिध्याच्या चकत्यांऐवजी चिंचोके आणले. काळा चष्मा लावलेल्या बेबीताई, नव्या डोळ्याने ध्रुवाकडे रोखून बघत, एकेक चिंचोका मोजून आपल्या माणसांना देत होत्या. विठ्ठलराव, मी खूप अधिकारी पाहिले. इतकी जरब मी एकात पाहिली नाही.

आता अडचण कुठे आली ते सांगतो. वादळ आलं की कोणाच्या ना कोणाच्या तुकडीतला एक माणूस मागे बर्फात अडकतो. चित्रावरून पद्मजाने सांगितलं की त्याला आणायला परत जायचं. त्यात आपली चाल जाते. मग आपण पुढे निघतो, तोवर दुसऱ्याचा अडकतो. बेबीताई आपला माणूस तर आणायच्याच, पण वाटेत विमलताईंचा दिसला तर त्यालाही तंबूत घ्यायच्या, चिंचोका द्यायच्या. मग विमलताईंना लाज वाटून त्या माझा आणायच्या. असं करता करता ध्रुव कोणालाच गाठता येईना. खेळ दुपारी मांडायचा, दिवेलागणीला वरून चादर टाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी चादर काढून तिथूनच पुढे. जेवण आम्ही जमिनीवर पानं मांडून घेतो. ध्रुव हलवायचा नाही, असा बेबीताईंचा दंडक आहे.

शेवटी मी पियूषला फोन केला. त्याने इंग्रजी नियम शोधून मोबाइलवर पाठवले. ते वाचून मी थक्क झालो. अडकलेल्या माणसाला आणायचंच नसतं. त्याला तिथेच सोडून पुढे गेलं की उलट ऊब वाचते, आणि जो सर्वांत जास्त माणसं मागे टाकतो तोच सहसा जिंकतो. मी हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बेबीताईंनी हातातला चिंचोका खाली ठेवला.

"काहून टाकाचा?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नियम आहे.

"तो माणूस घरून निघाला तवा त्याच्या मायले काय सांगतलं असन? तुमच्या त्या दाढीवाल्याले म्हणा, असं नसते करत."

मी तसं दाढीवाल्याला कळवलं नाही, पण विमलताईंनी मान डोलावली, पद्मजाने मोबाइल माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला आणि आम्ही पुन्हा माघारी फिरलो. माझाच माणूस अडकलेला होता. तिघीजणी त्याला आणायला गेल्या. खरं सांगतो, मला थोडं भरून आलं. प्लास्टिकचा होता, नखाएवढा.

याच दरम्यान पियूषने आणखी एक फोटो पाठवला. नागपूरच्या एका दुकानात हाच खेळ मांडून ठेवलेला, नियम इंग्रजीत, चकत्या पूर्ण, आणि किंमत मी आजवर भरलेल्या सगळ्याच्या निम्मी. आज पैसे द्या, आज घेऊन जा. पेंग्विन मात्र नाहीत. मी तो फोटो पद्मजाला दाखवला. पद्मजा म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पेंग्विनांचे पैसे भरलेत.

तेव्हा माझं लेखी मत असं: एकेकाळी या वर्गणीत देणाऱ्याचा फायदा होत असेल, आता होत नाही. पैसे आधी जातात, खेळ मागून येतो, मधे वाहतूक आणि कस्टम येतात, आणि तोवर तोच खेळ दुकानात स्वस्त झालेला असतो. धोका सगळा आपला, आणि मोबदल्यात कोथिंबीर. अंकुरला नीट समजावून सांगावं, हवं तर हा कागद दाखवावा, आणि पैसे भरू देऊ नयेत. दुकानात येईल तेव्हा घ्यावा. हे मी पूर्ण विचारांती, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

उन्हात जपा, गुडघ्याला शेक द्या, मीठ कोणी एकानेच टाका.

आपला स्नेहाकांक्षी व्याही,
अनंत

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. बेबीताईंना डॉक्टरने घरी जायला मागच्याच आठवड्यात परवानगी दिली. "डोळ्याला अजून थोडा आराम पाहिजे" असं तुम्हाला फोनवर जे सांगितलं गेलं, ते डॉक्टरचं मत नव्हतं. ते कोणाचं होतं, हे सांगायची मला मनाई आहे.

ता. क. दुसरं. खेळ संपल्याशिवाय त्या निघत नाहीत, आणि आम्ही चौघं आहोत तोवर तो संपत नाही. तशात रविवारी विमलताई लेकीकडे चालल्या आहेत, एक जागा रिकामी होते. बेबीताईंचं म्हणणं असं की आर्णीच्या बाजारात तुम्ही पुढे चालू लागलात की मागे कोण राहिलं हे कधी वळून पाहत नाही. हे त्या रागाने म्हणत नाहीत, फक्त या कामाला असाच माणूस लागतो असं म्हणतात. तरी तुम्ही रविवारी यावं आणि एकदाचा ध्रुव गाठावा, ही नम्र विनंती. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच.

ता. क. तिसरं. पाकीट बंद करण्याआधी बेबीताईंनी पत्र वाचून घेतलं, आणि माझ्या लेखी मताशी येताच हसू लागल्या. अंकुर ज्यात पैसे टाकणार होता तो याच खेळाचा दुसरा भाग आहे, पाच जणांनी खेळायचा. त्याला तो त्यांनीच फोनवर सुचवला, आणि पैसे परवाच भरून झाले. तुमच्या नावाने. त्यात साठ पेंग्विन आहेत. तेव्हा माझं मत तुमच्यापाशीच ठेवा, पोराला दाखवू नका. शेवटचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितला आहे, तो असा: "मले घ्याले येऊ नका म्हणा. खेळाले या."