विहीर नंबर दोनचा कागद

भिलाई, २९ जुलै १९५८

हेडक्लार्क सोनटक्क्यांना आज मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. (यापुढे नुसतं सो. लिहिणार. पूर्ण नाव लिहायची त्यांची लायकी नाही.)

सकाळच्या डाकेत दुर्गहून पाणी तपासणीचा अहवाल आला. आमच्या ठेकेदार कंपनीच्या लेबर कॅम्पातली विहीर नं. २. पाणी पिण्यास अयोग्य, विहीर तत्काळ बंद करावी. शेजारीच संडासाची चर आहे, हेही लिहिलंय. मी नेहमीसारखं आवक रजिस्टरात तारीख, क्रमांक, कोणाकडून, विषय, सगळं चढवलं. अकरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर हेच करतो आहे. जो कागद आला तो आला तसा लिहायचा. देवपूजा रोज होत नाही माझ्याकडून, पण हे होतं.

तासाभरात सो. टेबलापाशी हजर. "उमरकर, विषयात येवढं पुराण कावून लिहून राहिले? 'किरकोळ' लिहा."

"लिहून झालं साहेब."

"मंग चिठ्ठी चिकटवा त्याच्यावर."

रजिस्टरावर चिठ्ठी! चूक झाली तर एक रेघ मारायची, बाजूला सही करायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हे मला यांनीच शिकवलं होतं, पहिल्या वर्षी.

३० जुलै

चिकटवली. खळ मीच कालवली. वर सुंदर अक्षरात 'किरकोळ' लिहिलं. अहवाल सो.च्या कपाटात, वर 'गोपनीय'चा शिक्का.

कारण विचारलं तर म्हणे, "लेबर पळून जाईल ना बाप्पा. फाउंडेशनचं काँक्रीट अर्धं पडून हाय. साहेबाचा हुकूम हाय, आपल्याले काय करायचं?"

विहिरीत घाण आहे ही गोष्ट गोपनीय. जसं काही शत्रूच्या हाती लागली तर तो पिऊन टाकेल.

घरी येऊन नलूला सांगितलं. तिनं पोळी लाटायची थांबवली, माझ्याकडे पाहिलं, परत लाटायला लागली. बायको भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१ ऑगस्ट

ऑफिसात पाणी भरणारी बिसाहिन सकाळी मडकी भरायला आली. ऑफिसचं पाणी नळाचं, आमच्या क्वार्टरांच्या स्टाफ लाइनीतून आणते. दिवसभर आम्हाला स्वच्छ पाणी पाजते आणि संध्याकाळी कॅम्पात जाऊन नं. २ चं पिते. जूनमध्ये तिची जाऊ गेली, उलट्या-जुलाबानं. आता नवरा कावीळ होऊन पडलाय. म्हणाली, "माता के कोप आय, बाबू."

देवीचा कोप नाही बाई, संडासाची चर आहे. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर सो. पान लावत बसले होते. मी जावकचं रजिस्टर उघडलं आणि उगाच जुनी पानं चाळली.

भित्रा आहे मी. लिहून ठेवतो, निदान इथे तरी चिठ्ठी लागणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

केलं! आपल्या मराठी मंडळाच्या खोलीत दर पंधरवड्याला भित्तिपत्र लागतं. अक्षर चांगलं म्हणून संपादक मी. बाकीचे संपादकमंडळ म्हणून फक्त नाव लावतात आणि फराळाला येतात. यावेळी नारळाच्या बर्फीची कृती काढून टाकली आणि अख्खा ताव भरून लेख लिहिला. मथळा लाल शाईत: 'कॅम्पातले पाणी: आम्ही कोणापासून काय लपवतो?' अहवालातली वाक्यं शब्दशः दिली. त्या दिवशी चिठ्ठी चिकटवताना पाठ झाली होती. खाली स्वतःचं नाव.

लेख उतरलाय झकास. हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही. चार टाचण्या लावून भिंतीवर लावला तेव्हा छाती भरून आली होती. आता होऊ दे काय व्हायचं ते.

४ ऑगस्ट

गर्दी झाली भिंतीपुढे. जोशी ड्राफ्ट्समन, स्टोअरचे देशपांडे, रेल्वेतले दोघे, बायकासुद्धा. एकूण एक जणानं वाचलं. आणि एकूण एकानं एकच प्रश्न विचारला.

"उमरकर, आपल्या लाइनीचं पानी तं बरं हाय ना?"

हो, आपलं नळाचं आहे, म्हणालो. मग सगळ्यांचे चेहरे सैल झाले. देशपांडे म्हणाले, "मंग ठीक हाय. तुमी तं जीवच घेतला होता आमचा." आणि कॅरम मांडला.

थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, मंडळाची खोली आहे.

५ ऑगस्ट

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक. अध्यक्ष अर्थात सो. ऑफिसातही तेच, मंडळातही तेच, माणसाला यांच्यापासून सुटका फक्त झोपेत. लेख दुपारीच उतरवला होता. टाचण्या व्यवस्थित डबीत ठेवल्या होत्या, लेखाच्या चिंध्या.

ठराव एकमताने: यापुढे सर्व मजकूर आधी अध्यक्षांना दाखवावा. संपादकाने पुढच्या अंकात माफी लिहावी. संपादकाचं मत कोणी विचारलं नाही, तरी ठराव एकमताने.

मी उठून म्हणालो की अहवाल खरा आहे, तुमच्याच कपाटात आहे. सो. हसले. "कोनता अहवाल? रजिस्टरात तं 'किरकोळ' लिहिलेलं हाय. तुमच्याच अक्षरात."

खोलीत पंखा नव्हता तरी गार पडलो.

७ ऑगस्ट

साहेबांपर्यंत गेलंय. ऑफिसात कोणी जवळ बसत नाही. जोशी तर माझ्याकडून टाचणीही मागत नाही, लांबून शिपायाला पाठवतो. क्वार्टर कंपनीचं आहे याची आठवण सो.नी दोनदा करून दिली, अगदी काळजीच्या स्वरात.

जेवताना नलूला म्हणालो, एवढं लिहिलं, काडीचा उपयोग नाही, आपली माणसंच अशी नालायक.

ती म्हणाली, "एक इचारू? बिसाहिन कधी आली होती का तुमच्या मंडळात?"

"ती कशाला येईल?"

"आन् आली असती तं तिले मराठी वाचता आलं असतं?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"मंग तुमी लिहिलं कोनासाठी?"

ताटावरून उठलो. राग तिचा आला, म्हणजे ती बरोबर आहे. ज्यांना ते पाणी प्यावं लागत नाही त्या शेदीडशे माणसांना मी मराठीत बातमी दिली, चांगल्या वळणदार अक्षरात. आणि जे पितात त्यांना? त्यांच्यातली एक रोज माझ्या टेबलापासून दोन हातांवर मडकं ठेवते. तोंड उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण लेख लिहिणं हे मोठं काम, नाही का! संपादक!

पांढरपेशा गाढव.

८ ऑगस्ट

बिसाहिनला बाहेर व्हरांड्यात गाठून सांगितलं. हिंदीत, अडखळत. सगळं ऐकलं. मग म्हणाली की मी एकटीनं सांगितलं तर कोणी मानणार नाही, कागद घेऊन रविवारी कॅम्पात ये, वाचून दाखव. "हमन ला पढ़े बर नइ आवय, बाबू. तैं पढ़ देबे."

बरं म्हणालो. म्हणून बसलो.

माफी अजून लिहिलेली नाही. सो. रोज विचारतात.

१० ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण उद्या मला वेगळं आठवायला सांगतील.

दुपारी कॅम्पात गेलो. आठ महिने त्या कॅम्पाच्या नावानं आलेले कागद चढवतोय, पाऊल आज पहिल्यांदा ठेवलं. चिखल, पत्रे, तट्ट्या. विहीर दिसली. चर दिसली. अहवालात अंतर लिहिलंय ते वाचताना एवढं जवळ वाटलं नव्हतं.

पन्नासेक माणसं जमली. खाट टाकली माझ्यासाठी. हिंदीत लिहून नेलं होतं ते वाचलं. मोठ्यानं वाचलं, नीट वाचलं. कोणी हललं नाही. एका म्हाताऱ्यानं बिडी विझवून कानावर ठेवली आणि म्हणाला की बाबू लोक कागद वाचतात, मागे कारखान्यासाठी गाव उठवायला आले तेव्हाही कागदच वाचला होता. त्याचं बरोबर होतं. माझ्यासारखाच कोणीतरी असेल, स्वच्छ अक्षराचा.

मग बिसाहिन आतून लोटा घेऊन आली. घरी माणूस आला की आधी पाणी, त्यांच्याकडेही तसंच. लोटा घासूनपुसून लख्ख. माझ्यासमोर धरला. ऊन होतं, वाचून घसा सुकला होता.

मी म्हणालो, "नहीं, प्यास नहीं है."

बिसाहिन लोटा धरून तशीच उभी. मला वाटलं त्यांना वाटतंय की हा जातीमुळे पीत नाही. घाईघाईनं सांगायला गेलो की तसं नाही, ऑफिसात तुझ्याच हातचं पितो ना मी रोज... आणि मध्येच थांबलो. तिलाही तेच आठवलं असावं. तिनं लोट्यात पाहिलं. मग माझ्याकडे.

म्हातारा उठला. "बाबू नइ पियय," एवढंच म्हणाला. बाकीच्यांकडे वळून पुन्हा म्हणाला, "देखव, बाबू नइ पियय."

बिसाहिननं लोटा चिखलात ओतला. मग एकीनं आपली घागर आणून ओतली. मग दुसरीनं. माझा कागद कोणी मानला नाही. मी तोंड फिरवलं ते मानलं.

शरमेनं मेल्यासारखं झालं. आणि खरं लिहायचं तर आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी.

निघताना बिसाहिनचा आवाज मागून, "त कहाँ के पानी पीबो, बाबू?" मी स्टाफ लाइनीच्या नळाकडे बोट दाखवलं. तिथला चौकीदार लेबरला उभं राहू देत नाही, हे मला ठाऊक आहे. तिलाही.

११ ऑगस्ट

सकाळी ऑफिससमोर बायका. रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसलेल्या, ओरडा नाही, घोषणा नाही. काँक्रीटच्या मिक्सरवर कोणी गेलं नाही. ऑफिसची मडकीही कोरडी. सो. दुपारपर्यंत तीनदा पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवताना पाहिले. मजा आली. मी मुद्दाम पाहत होतो.

दोन वाजता साहेबांच्या खोलीत बोलावणं. सो. बाजूला उभे. साहेब माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. नाही. फार गोड बोलले. म्हणाले, तुमचा गैरसमज झाला, असं होतं. अहवाल कुठे आहे? कोणी पाहिला? तुमच्याच रजिस्टरात नाही. आता एकच करा. त्या लोकांना तुम्ही पाणी नाकारलं, त्यातून हे सगळं झालं. उद्या दहा वाजता विहिरीवर सगळ्यांसमोर एक लोटा प्या. विषय संपला. माफीही नको, क्वार्टरही राहील.

"आणि नाही प्यायलो तर?"

ते सो.कडे पाहून हसले. सो. हसले नाहीत, हे लिहून ठेवायला हवं. जमिनीकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर दारात सो. मला म्हणाले, "पिऊन टाका ना उमरकर. एका लोट्यानं काय होते?"

"तुमी पिता का मंग, साहेब?"

ते आपल्या टेबलाकडे निघून गेले.

१२ ऑगस्ट

सकाळपासून आवक रजिस्टर डोक्यात आहे. काल निघताना चिठ्ठीचा कोपरा नखानं उचलून पाहिला. माझी खळ चांगली असते. निघाली नाही, कागदच फाटायला लागला. सोडून दिला.

एक लोटा. कदाचित काहीच होणार नाही. निम्मा कॅम्प रोज पितो, सगळे थोडेच मरतात. असा विचार मी करतोय, मी! आणि प्यालो की बिसाहिन उद्यापासून पुन्हा तिथेच घागर बुडवेल, माझ्याकडे पाहूनच. पोट माझं बिघडेल की नाही याला महत्त्व नाही. घोट गेला की अहवाल खोटा.

नलूनं ट्रंक खाली काढलीय. भरली नाही, नुसती काढून ठेवलीय. म्हणाली, "पिले तं मी एकटी जाईन वर्ध्याले. नाही पिले तं दोघंबी जाऊ."

मी विचारलं, तू रागावली आहेस का?

"मले भेव वाटून राहिलं," म्हणाली.

मलाही वाटतंय. सो.नी बोलवायला माणूस पाठवलाय, तो दारात उभा आहे. पावणेदहा झालेत. तोंड आत्तापासूनच कोरडं पडलंय.