नळीतून ऐकू आलं ते

मालवण,
ऑक्टोबर १९६२

प्रिय सेलेस्तीन,

तुझी पत्रं आईच्या नावे येतात आणि उत्तरंही तीच लिहिते. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील. घरी सगळे बरे आहेत. आजारी होती ती आपली टॅक्सी.

गेला महिनाभर तिचं काही खरं नव्हतं. उभी असली की इंजिन धापा टाकायचं, आणि कट्टा गावच्या चढावर तर उतारूंना ढकलायला लावायची पाळी आली. प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, फरक नाही. मग ध्यानात आलं, कार्बोरेटरमधून घ्यायची ती हवा सोडून इंजिन कुठल्यातरी फटीतून चोरून हवा ओढतंय. अशी फट डोळ्यांना दिसत नाही, पण शीळ घालते. पूर्वी बोनेटखाली वाकलो की मला ती सापडायची. या वेळी अंगणात इंजिन चालू ठेवून सकाळभर वाकून राहिलो, काही ऐकूच येईना. बाय, माझे कान बरेच दिवस जात चाललेत. बहिऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल, म्हणून मी घरातही बोललो नव्हतो.

तुझी आई तांदूळ निवडायचे टाकून बाहेर आली. तिला खरं सांगावं लागलं. मग रबरी नळीचं एक टोक मी तिच्या कानाशी दिलं आणि दुसरं इंजिनाच्या जोडांवरून कसं फिरवायचं ते दाखवलं. या गाडीला कधी हात न लावलेली तुझी आई पदर खोचून, डोळे मिटून उभी राहिली, इगर्जीत प्रार्थनेच्या गाण्याचा सूर धरण्यापूर्वी राहते तशी. नळी सरकत गेली, थांबली, बोटभर मागे आली. मला ओठांवरून कळावं म्हणून ती सावकाश म्हणाली, "हयसर. बारीक रडता बघा." मी त्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं. इंजिनाने ते आत ओढलं आणि क्षणभर त्याची धडधड माझ्या हाताखाली शांत झाली. जोडाची फट बुजवणारं आतलं गॅस्केट एका कडेला फाटलं होतं. जन्मभर मी इंजिनं ऐकली, पण ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. मी बघतच राहिलो.

इंजिन बंद केल्यावर तिने नळीचं टोक माझ्या कानात धरलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावलं. "माझा आयकाक येता?" कितीतरी दिवस घरातली बोलणी मला नुसती घरघर वाटायची. आता तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी पायरीवर बसलो. ती नळी घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "चेडवान बशीतसून तुमका किती हाको मारल्यान. तुमी वळान बघूक नाय."

म्हणून हे पत्र. नाताळानंतर तू निघालीस तेव्हा मी स्टँडवर बसकडे पाठ करून गाडीची काच पुसत होतो. तुझ्या नर्स होण्यावरून आपलं वाजलं होतं, म्हणून मला वाटलं, पोर एक शब्द न बोलता गेली. तू समजलीस, बाबाने तोंड फिरवलं. त्यामुळेच तू इतके महिने घरी आली नाहीस, हे आईने मला आज सांगितलं; तिलाही तसंच वाटत होतं. बसमधून मारलेल्या तुझ्या हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या, बाय. तू काय सांगत होतीस ते गलक्यात आईलाही समजलं नाही. ये, आणि सांग. बसमधून उतरलीस की लांबून हाक मारू नकोस, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहा.

तुझाच,
बाबा