शेडकार्ड आणि दुसरं ताट

आत्या,

एका माणसासाठी भात किती शिजवायचा? मला खरंच सांगता येत नाही. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही आहारशास्त्राची. सव्वा वर्षाच्या मुलाने दिवसभरात काय खावं, किती खावं, हे मला झोपेतून उठवून विचार. पण स्वतःपुरता भात लावायला गेले की रोज दोघींचा होतो, आणि उरलेला मी सकाळी मुकाट्याने खाते. या भाताच्या नादात नमस्कार राहिलाच. वाकून नमस्कार. (तू ‘पुरे, पुरे’ म्हणालीस असं धरून उठते.) गुडघे कसे आहेत? दादा त्या दिवशी म्हणाला ना, की तुझ्यावाचून घरात काही अडत नाही, ते अजून मनाला लावून बसली आहेस का? माझी मात्र काळजी करू नकोस. मी इथं अगदी मजेत आहे.

आता माझ्या नोकरीविषयी. पोरगी अधिकारी झाली असं बाबा भेटेल त्याला सांगतात, ते खोटं नाही. पाळणाघराची आहार-अधिकारी असंच माझं पद आहे. फक्त माझा बराचसा कारभार लंगोटात चालतो. हसू नकोस. एवढ्याशा मुलाला बोलता येत नाही, पण त्याची शी सगळं सांगते. पालक पोटात गेला की हिरवी, गाजर किंवा भोपळा असला की केशरी, लोहाचे थेंब चालू असले की काळपट. पहिल्याच सभेत मी मुलांच्या आयांना हे इतक्या तळमळीने समजावलं की दोघी-तिघी चहा न घेताच गेल्या. पुढे ‘हिरवी म्हणजे कसली हिरवी’ यावर रोज वाद होऊ लागले, तेव्हा मी रंगाच्या दुकानातून भिंतींच्या रंगांचं शेडकार्ड आणलं आणि लंगोट बदलायच्या टेबलावर चिकटवलं. लाल, डांबरासारखा काळा आणि पांढुरका यांच्याभोवती पेनाने गोल केले. यातलं काही दिसलं तर मला लगेच सांगायचं. आता सगळ्या आया कार्डावरच्या नावांनीच बोलतात. बँकेतली एक कारकून बाई मला भर रस्त्यात थांबवून सांगते, सकाळी कोवळं पान होतं हो, संध्याकाळी शेवाळ झालं. (दुकानदार भेटला की विचारतो, घर कधी रंगवायला काढताय?)

आणि मग तो दिवस आला. दुपारी पहिला लंगोट लाल. दुसरा लाल. तिसरा उघडायची माझी हिंमत होईना. मी स्वयंपाकघराला कुलूप लावलं, पिण्याचं पाणी ओतून दिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. ते धापा टाकत आले, एक लंगोट पाहिला, दुसरा पाहिला आणि शांतपणे विचारलं, “काल मुलांना काय दिलं होतं?” मी फळ्याकडे पाहिलं. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: बीट. डॉक्टर खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. तेव्हापासून मी बीटबाई. रस्त्याने जाताना लोक नमस्कारसुद्धा त्याच नावाने करतात, आणि खरं सांगू का, कुणी हाक मारतंय याचंही बरं वाटतं.

त्यानंतर काही दिवसांनी शिंपीणबाईंच्या धाकट्याचा, आमच्या गुंडूचा, लंगोट उघडला. ओल्या खडूसारखा पांढुरका. तो दोन दिवस नुसत्या दुधावर होता. दुधानेच असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. फोन हातात धरून नुसती उभी राहिले. डॉक्टर पुन्हा हसले तर? पण गुंडूच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला पिवळसर वाटला आणि मी नंबर लावला.

“बोला बीटबाई, आज कोणती भाजी?”

“पांढुरकी आहे. डोळेही पिवळट दिसताहेत.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता या.”

शीला रंग येतो तो पित्ताने, आणि त्या पित्ताची आतड्याकडे येणारी वाटच अडली होती. शस्त्रक्रिया झाली. शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून बसल्या होत्या, आणि त्यांना काय बोलून धीर द्यावा हे काही मला पदवीत शिकवलं नव्हतं. मीही नुसता हात धरून बसले.

परवा जेवायला बसले आणि फोन वाजला. शिंपीणबाईंनी फोटो पाठवला होता. तपकिरी, आत्या! कार्डावर ज्याला ‘भिजलेली माती’ म्हणतात ना, तोच अस्सल रंग. मी ताटावरून उठून उभी राहिले. आयुष्यात इतका सुंदर फोटो पाहिला नव्हता. आणि मग लक्षात आलं की तो दाखवायला खोलीत कुणीच नाही. एक खाट, एक खुर्ची, एक ताट. घरमालकीणबाईंच्या दारापर्यंत गेले, पण त्या जेवत होत्या, म्हणून परत फिरले. भात गार झाला होता. मी तो फोटो बराच वेळ एकटीच पाहत बसले.

बाकी सर्व ठीक. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
बीटबाई

ता. क. वर ‘मजेत आहे’ लिहिलंय ते खोडत नाही, पत्र घाण दिसेल. पण तू ये. चार दिवसांसाठी नव्हे, राहायला. इथं रोज तुझ्यावाचून अडतं.

आणखी ता. क. ‘विचार करून कळवते’ असं लिहू नकोस. खोलीत आम्ही दोघी राहणार, हे घरमालकीणबाईंना सांगून झालंय. दुसरी खाट आज सकाळी आली, तुला वाऱ्याशिवाय झोप येत नाही म्हणून खिडकीखाली लावली. आणि ताट कालच आणलं. घासून, पुसून माझ्या ताटाशेजारी उभं करून ठेवलंय.