राखणदाराचे नवे बूट

डिचोली, कार्तिक वद्य पंचमी

चि. पांडुरंग,

पेडणे पोलिस ठाण्याच्या आधारस्तंभास कृष्णनाथभावोजींचे आशीर्वाद. तुझी ताई सुमंगला खुशाल आहे, मीही आहे. मांद्र्याचे बांगडे तुला मानवले आहेत, हे येणारेजाणारे हाताने आकार दाखवून सांगतात. असेच मानवोत.

पाठशाळेत तर्क नि व्याकरण घोकलेला मनुष्य कारखान्याच्या फाटकावर रखवालदारांचा मुकादम कसा, असं तू दर गणेशचवथीला विचारतोस. द्वारपाल वैकुंठालाही लागतात, एवढंच माझं उत्तर. तर गोव्याचं राज्य झाल्यापासून आमच्या मालकांना कायद्याची भीती वाटू लागली आहे. त्यात ट्रकमधून सळी घसरून आमच्या धोंडिबा रखवालदाराच्या पायाचा अंगठा चेचला (माणूस कोल्हापूरकडचा, किंकाळी साखळी गावापर्यंत गेली असावी). लगेच सर्वांना हेल्मेटं आली, आणि चवड्यावर पोलादी पत्रा बसवलेले बूटही आले. बूट बघून धोंडिबाचे डोळे भरले.

पण त्याचा जोडीदार, कोरगावचा शंभू, आडवा आला. फाटकालगतच रात्री गावाच्या सीमेवर फिरणाऱ्या राखणदार देवाची घुमटी आहे. "सायबा, आमी दिसाचे, तो रातीचो. कोरी वस्त आदीं तेका!" जत्रेला त्याला चामड्याच्या वहाणा देतातच, तेव्हा माझा तर्क तिथेच लंगडला. आता देवाला लहान जोड कसा द्यायचा? सर्वांत मोठा, दहा नंबरचा, गेला. तो धोंडिबाचा. तो एवढंच म्हणाला, "देवाम्होरं काय बोलायचं, सायेब? पर अंगठा माझाच हाय न्हवं!"

परत मागावा तर गुरव सांगतो, झिजल्याशिवाय उतरवायचा नाही. वहाणा रात्रीच्या फेऱ्यांनी वर्षात झिजतात. या बुटांचा तळ देवालाही आटोपायचा नाही. मी मुख्य कचेरीला कळवलं, एक जोड रात्रपाळीच्या रखवालदाराकडे आहे. (यात खोटं अक्षर नाही.) उलट टपाली हुकूम आला: त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि फोटो पाठवा. वडिलांच्या नावापाशी माझी सगळी शास्त्रं थकली.

सोमवारी निरीक्षक येणार. पायांत बूट नसेल त्याला फाटकावरून काढा, असं मालकांनी बजावलं आहे. धोंडिबाने नुकतीच बायको गावाहून आणून खोली घेतली आहे. ती बिचारी रोज त्याच्या अंगठ्याला हळद लावते नि घुमटीकडे बघून पुटपुटते. प्रार्थना असावी, असं मी धरून चालतो.

तू कायद्याचा माणूस. देवाकडे गेलेल्या मालाबद्दल कायदा काय म्हणतो, तेवढं सवडीने कळव.

तुझा,
कृष्णनाथ

ता.क. सवडीने नको. आणि कायदाही राहू दे. तुझा पाय दहा नंबरचा आहे, असं तुझी ताई म्हणते. तू फटफटीवर घालतोस ते स्वतःचे पोलादी चवड्याचे बूट (सरकारी नकोत) रविवारच्या बसच्या कंडक्टरकडे दे.

आणखी ता.क. भिडेखातर नवे घेऊन पाठवशील, तर शंभू फाटकातच उभा आहे. जुने, घामट, टाच कललेलेच पाठव. देवाला उष्टं चालत नाही, धोंडिबाला चालतं.