दोन सोडियम आणि संगीता

पोंभुर्णा, मंगळवार, संध्याकाळ

आज मन हलकं आहे. सकाळी नव्हतं. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमची अकरावीची संगीता गावाले जातो म्हणून राह्यली. बॅग भरली तिनं." गडचिरोलीच्या जंगलातली पोरगी, घरी गोंडी बोलणारी. वर्गात अजून तोंड उघडलं नव्हतं. मीच कुठे कमी पडले का?

व्हिटॅमिन सी आतड्याच्या पेशीत कसं शिरतं, ते शिकवायचं होतं. फळ्यावरची आकृती बघून सगळे पेंगायला लागले. मग वर्गाचीच पेशी केली. दारात दोन मुलं उभी केली, ते वाहक प्रथिन. संगीता व्हिटॅमिन सी. ती एकटी आली, त्यांनी अडवलं. मी म्हणाले, "सोडियमचे दोन कण सोबत असले तरच हे दार आत घेतं." दोन मुली धावल्या, तिचे हात धरले आणि तिघी आत आल्या. सगळे हसले, संगीताही. मुलींनी हात मात्र सोडले नाहीत.

मग तिनंच विचारलं, "मॅडम, सोडियम आत येतच राह्यलं तर पेशी भरून नाई जात का?"

किती नेमका प्रश्न! "त्याला बाहेर काढणारा वेगळा पंप असतो. उद्या शिकू."

तिला मी मुद्दाम निवडलं होतं का? हो, मुद्दामच. ते धरलेले हात अजून डोळ्यांपुढे आहेत.

संध्याकाळी वसतिगृहात डोकावले. तिच्या गावची बस केव्हाच गेली होती. संगीता त्या दोघींसोबत जेवत होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, उद्या पंप मले बनवा."